डॉक्टरीनबाईची उचल

धामणदऱ्याच्या छबूबाईला एखादी गोष्ट समजली नाही, तर तिला जेवण गोड लागायचं नाही. माळावर मोबाईलचा टॉवर उभा राहत होता तेव्हा ती तिथल्या कामगारांना रोज चहा नेऊन द्यायची. कशासाठी, तर तारेशिवाय आवाज येतो कसा, हे विचारायला. त्या बिचाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. चहा मात्र ते पीत राहिले. गावातली पोरं तिला मागून फौजदारीनबाई म्हणायची. तिला ते माहीत होतं आणि त्याचा राग नव्हता. उलट एखाद्या पोराला अडवून ती विचारायची, "फौजदाराला पगार किती असतो रं?"

त्यामुळं भादव्यात सरकारी दवाखान्यासमोर एक जीप थांबली आणि तिच्यातून एक सडपातळ मुलगी सामानासकट उतरली, त्या वेळी छबूबाई तिथं हजर होती हे सांगायला नको. मुलगी म्हणजे नवी डॉक्टर. डॉक्टर तमन्ना शेख, राहणार भिंगार. छबूबाईचं लक्ष मात्र डॉक्टरपेक्षा जीपच्या टपाकडं होतं. तिथं गॅसची टाकी बांधलेली होती. आजवर आलेल्या एकाही डॉक्टरनं टाकी आणली नव्हती. एक जण नगरहून गाडीनं यायचा आणि जेवणाच्या आत परत जायचा. दुसरा पाथर्डीत राहायचा, त्याचं तोंड बाजाराच्या दिवशी दिसलं तर दिसलं. तिसरा खरंच भला माणूस होता, पण त्याला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि तो ऐन दिवाळीत इतक्या घाईनं गेला की त्याच्या चपला क्वार्टरच्या दारातच राहिल्या. ही मुलगी टाकी घेऊन आली होती. म्हणजे हिचा स्वयंपाक करायचा विचार होता.

"पन आली कशी?" छबूबाईनं संध्याकाळी सुनेला विचारलं. "शानीसुरती पोर. हितं काय ठेवलंय तिचं?"

धामणदरा पाथर्डी तालुक्याच्या डोंगराकडेला आहे. तिथं खरोखरच कुणाचं काही ठेवलेलं नाही. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्यालाच परततात. मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि शेरडं. छबूबाईचं सगळं तरुणपण उसाच्या फडात गेलं होतं. कंबरेनं दगा दिला तेव्हा तिनं कोयता खाली ठेवला. आता तिचा मुलगा कानिफनाथ आणि सून दिपाली जात.

चार दिवसांत गावाला खबर लागली. लांबच्या दवाखान्यात जाऊन राहणाऱ्या डॉक्टरला म्हणे सरकार पगारावर जादा पैसे देणार होतं. गावानं मान डोलावली. म्हणजे उचल घेतलीय होय! मग बरोबर आहे.

या गावाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मुकादम मच्छिंद्र उन्हाळ्यातच घराघरात उचल वाटायचा. नवराबायको मिळून एक कोयता. पैसे आधी हातात पडायचे, ते छपराला नाहीतर लग्नाला लागायचे, आणि मग अंगमेहनतीनं उचल फिटेपर्यंत कोयत्यानं फड सोडायचा नाही. पोटासाठी परगावी जाणारा इथला प्रत्येक माणूस असाच जात होता. मग पोटासाठी परगावाहून इथं येणारी बाई उचल न घेता कशी येईल?

छबूबाईला मात्र नक्की काय ते कळायलाच हवं होतं, आणि या वेळी नुसत्या चौकस स्वभावापायी नव्हे. दिपालीला दिवस गेले होते. पहिलंच बाळंतपण, आणि तेही ऐन हंगामात, पौष सरता सरता. माहेरी पाठवावं तर तिचे आईबापही त्याच दिवसांत कोयता घेऊन जाणारे. दवाखान्यात डॉक्टर टिकली, तर दिपालीला गावात ठेवता येणार होतं, कोयत्याचं मग काहीतरी बघता आलं असतं. नाही टिकली, तर तिला कानिफबरोबर फडावरच न्यायचं. फडावरचं बाळंतपण काय असतं ते छबूबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. कानिफच्या पाठची मुलगी तिला उसाच्या बांधावर झाली होती. नाव ठेवायच्या आधीच गेली ती. छबूबाई त्याबद्दल कधी बोलत नसे. गावभरच्या माणसांना गावभरचे प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईला हा एक प्रश्न कुणी विचारलेला आवडत नसे.

म्हणून एका सकाळी ती कंबर धरून दवाखान्यात गेली.

"कंबर कधीपासून दुखते, मावशी?" तमन्नानं विचारलं.

"ती दुखू द्या, ती जुनी हाय. तुमी उचल किती घेतली?"

तमन्नाला काही उमगेना. मग छबूबाईनं तिला उचल म्हणजे काय ते मुकादमापासून कोयत्यापर्यंत नीट समजावून दिलं. बाहेर दुसरं कुणी पेशंट नव्हतं. तमन्ना आधी हसली, मग सरळ सांगायला लागली. पगार आहे. अवघड जागा म्हणून त्यावर भत्ताही आहे. पण तो काम केल्यावर, मागाहून, कागद वर जाऊन खाली आल्यावर.

"आधी कायच न्हाई?"

"काहीच नाही."

"मंग तुमाला धरून काय ठिवतं?"

हा प्रश्न तमन्नाला नेमणुकीच्या वेळी कुणी विचारला नव्हता.

"बरं, आलात कशापायी? सेवा का काय?"

"खरं सांगू?" तमन्ना म्हणाली. "पैशासाठीच आले. अब्बा भिंगारला मिलिटरीच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहेत. रिटायर झाले की क्वार्टर सोडावं लागणार. दोन खोल्यांचं का होईना, घर घ्यायचंय मला."

छबूबाईला ही मुलगी तिथंच आवडली. सेवेसाठी आलोय म्हणणारे तिनं पाहिले होते. त्यांची सेवा दिवाळीपलीकडं गेली नव्हती. पैशासाठी आलेलं माणूस तिला कळत होतं, कारण ती स्वतः आयुष्यभर पैशासाठीच गेली होती, आणि त्यात काही हलकं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. ऊस तोडणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू साखरेच्या प्रेमापोटी आलास का? मग डॉक्टरलाच हे का विचारायचं, कोण जाणे.

पण घरी येताना तिला चैन पडेना. सरकारला माणूस लावायची रीतच माहीत नव्हती! सातवी नापास मच्छिंद्र नुसत्या उचलीवर सगळं गाव ट्रकमध्ये घालून नेतो, आणि एवढ्या कचेऱ्या असलेल्या सरकारला एक डॉक्टर धरून ठेवता येत नाही. आधी राबा, मग बघू. अशानं कोण थांबेल? उद्या ही पोरगी टाकी जीपवर चढवून निघाली, तर तिला थांब म्हणायचा हक्क कुणाला होता?

विचार करता करता तिला उपाय सापडला. सरकारनं दिली नाही, तर उचल गावानं द्यायची.

पुढचे काही दिवस छबूबाई दारोदार फिरली. ज्या घरची माणसं फडावर जाणार आणि म्हातारी, पोरं मागं राहणार, त्या प्रत्येक घराला डॉक्टर हवीच होती. मच्छिंद्रनं दिलेल्या उचलीतूनच लोकांनी थोडेथोडे काढून दिले. मच्छिंद्र आधी खो खो हसला, मग म्हणाला, "छबूमावशे, तू मुकादम व्हायला पायजे हुतीस." आणि त्यानंही खिशात हात घातला. त्याची आई मागं राहणार होती.

दसऱ्याच्या आधी दोन-चार बायकांना बरोबर घेऊन छबूबाईनं रुमालात बांधलेले पैसे तमन्नाच्या टेबलावर ठेवले. "ही तुमची उचल," ती मुकादमाच्या थाटात म्हणाली. "पाडव्यापत्तुर फड सोडायचा न्हाई."

तमन्ना खुर्चीतून उठलीच. "हे उचला आधी! मावशी, मी सरकारी नोकर आहे. हे असे पैसे घेतले तर त्याला लाच म्हणतात. माझी नोकरी जाईल."

"लाच कसली? लाच तर काम उलटं करायला देत्यात. आमी तुमाला ऱ्हायला देतोय."

"तरी नाही. एक रुपयासुद्धा नाही. कृपा करा."

छबूबाईनं रुमाल उचलला आणि ती बाहेर पडली. तिला वाईट वाटलं, रागही आला. त्याहून जास्त तिला भीती वाटली. ज्याला यायचं नसतं तोच उचल परत करतो, हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. डॉक्टरीन टिकत नाही. खंडेनवमीला कोयत्यांची पूजा झाली आणि दिपाली मुकाट्यानं बोचकं बांधायला लागली.

तिला बोचकं बांधताना बघून छबूबाईला पुढचं सगळं दिसायला लागलं. अवघडलेल्या अंगानं ही पोरगी मोळ्या वाहणार, उसाच्या पाल्याच्या कोपीत चूल पेटवणार, आणि एक दिवस बांधावर बसणार. घरी ठेवावी तर कोयता मोडतो, उचल तर छपरावर घालून झालेली. बराच वेळ छबूबाई उंबऱ्यावर बसून राहिली. मग उठली आणि तिनं कोनाड्यातून स्वतःचा जुना कोयता काढला.

"दिपाली, तू न्हाई जायाचं. मी जाते."

"आई, तुमची कंबर..." दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आन मी एकलीच हितं?"

"एकली कशाला?"

ट्रक गावात आला त्या सकाळी छबूबाई दिपालीचा हात धरून, तिची पेटी डोक्यावर घेऊन क्वार्टरच्या दारात गेली. तमन्ना दात घासत होती. छबूबाईनं पेटी आत नेऊन गॅसच्या टाकीशेजारी ठेवली.

"बाई, तुमी पैसे परत केले, ते बराबर केलं. तुमची नोकरी ऱ्हायली पायजे. पन ही माझी सून. मी हिच्या जागी चाललेय. ही तुमच्यापाशी ऱ्हाईल, भाकरी करील, झाडलोट करील. पौषात बाळंत व्हईल."

"अहो मावशी, असं कसं? मला विचारलंत तरी का?"

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता," छबूबाई म्हणाली. तिकडं ट्रकचा हॉर्न वाजला. "ही आमची उचल. पैसे परत करता येत्यात. मानूस कुनाला परत करनार? घराला तर कुलूप लावलंय."

आणि ती गेलीसुद्धा. आता ही शुद्ध जबरदस्ती होती, यात वाद नाही. तमन्ना तोंडात ब्रश धरून जाणाऱ्या ट्रककडं बघत राहिली. मग तिनं दिपालीकडं पाहिलं, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिला खाली बसवून तिचं ब्लडप्रेशर तपासलं.

कृष्णाकाठच्या कारखान्यावर टोळी उतरली. फडात एरवी गडी तोडतो आणि बाई मोळी वाहते. इथं मुलगा मोळ्या वाहायचा आणि आई तोडायची. टोळीतल्या लोकांना ही मोठी गंमत वाटली. छबूबाईची कंबर संध्याकाळी तिची राहत नसे. पण कोपीवर परतून चूल पेटली, की ती कानिफचा फोन मागून घ्यायची आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"बाई हायत का?"

"हायत," दिपाली म्हणायची.

मग बाकीचे प्रश्न. बाईंनी आज काय खाल्लं? भत्ता आला का? दिवाळीला घरी गेल्या नाहीत का? गेल्या होत्या, पण दुसऱ्याच दिवशी परत आल्या, आणि येताना अब्बांनी दिपालीसाठी खारका-बदाम दिले. भत्त्याचा कागद कुठंतरी अडकला होता. "कुटं अडकलाय?" छबूबाईनं विचारलं. ते तमन्नालाही माहीत नव्हतं. "आल्यावर मीच जाऊन इचारते," छबूबाई म्हणाली. ज्या साहेबाकडं तो कागद पडून होता, त्याला या धमकीची कल्पना नव्हती हे त्याचं नशीब.

संक्रांतीच्या सुमारास दिपालीचा आवाज खाली आला. "आई, आज बाईंना राहात्याहून फोन आल्ता. मोठं खाजगी हॉस्पिटल हाय म्हनं. हितल्या दुप्पट पगार देत्यात, भत्त्याची कटकट न्हाई."

छबूबाई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. "त्या काय म्हनल्या?"

"म्हनल्या, कळवते."

त्या 'कळवते'नं छबूबाईचे पुढचे दिवस खाल्ले. तमन्नावर रागवावं, तर रागवायला जागा नव्हती. ती पैशासाठी आली होती, तिनं ते लपवलं नव्हतं, आणि ठरलेले पैसे तिला मिळत नव्हते. छबूबाई तिच्या जागी असती तर गेली असती. गेली असती का? ऊस तोडता तोडता ती स्वतःलाच उलटसुलट विचारायला लागली. नवरा हयात असताना एका हंगामात शेजारच्या मुकादमानं तिला आणि नवऱ्याला जास्त पैसे देऊ केले होते. नवरा निघायला तयार होता. ती का नव्हती गेली? उचलीच्या भीतीनं? छे, ती तर फिटत आली होती. मग तिला आठवलं. शेजारच्या कोपीतली भीमाबाई तापानं फणफणली होती आणि तिचं लेकरू छबूबाईच्या मांडीवर झोपलं होतं. त्या लेकराला खाली ठेवून उठायचं तिच्या जिवावर आलं होतं. तेवढंच. दिपालीला क्वार्टरच्या दारात सोडताना आपल्या मनात काय होतं, ते तिला आता कुठं कळलं. पण स्वतःचं जे झालं ते दुसऱ्याचं होईलच असं थोडंच असतं? आणि तिची धाकधूक काही कमी झाली नाही.

पौषाच्या शेवटी भर दुपारी कानिफ मोळी टाकून धावत आला. "आये, बाईंचा फोन हाय! दिपालीचा न्हाई, बाईंचा."

फोन घेऊन छबूबाई तिथंच उसाच्या पाचटावर बसली.

"मावशी, मुलगी झाली," तमन्ना म्हणाली. "दोघी छान आहेत."

छबूबाई रडायला लागली. हमसून हमसून, कुणाचीही लाज न बाळगता ती रडली. मग पदरानं नाक पुसून तिनं प्रश्नांना सुरुवात केली. पोर लगेच रडली का? दूध ओढतीय का? केस हायत का? दिपालीनं लई त्रास काढला का? तमन्ना एकेकाचं उत्तर देत गेली. ती थकलेली होती, पण तिच्या आवाजात हसू होतं.

"झालं, मावशी," ती शेवटी म्हणाली. "फिटली तुमची उचल."

उचल फिटली म्हणजे काय, हे छबूबाईनंच तर या मुलीला शिकवलं होतं. उचल फिटलेल्या कोयत्यानं बोचकं बांधलं तर त्याला कुणी अडवत नाही.

"मंग राहात्याला जानार तुमी?"

"दिपालीनं सांगितलं वाटतं. त्यांना उत्तर द्यायचंय अजून. खरं सांगू का, मावशी, ठरत नाहीये."

आता छबूबाईला विनवण्या करता आल्या असत्या. मच्छिंद्रनं तेच केलं असतं. पण तिच्या तोंडून भलतंच आलं. ते तिनं ठरवलं नव्हतं.

"बाई, पोरीचं बारसं मी आल्यावर करायचं. पाडव्याला. पोरीच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. आमच्या घरात आत्या न्हाई." तिनं फोन दुसऱ्या कानाला धरला. "हुती. तिचंच नाव ठिवायचं ऱ्हाऊन गेलं. फडावर झाल्ती ती. तवा तुमी न्हवता, कुनीच न्हवतं. आत्याच्या जागी तुमी उभ्या ऱ्हाल का?"

कानिफ आईकडं बघत राहिला. आपल्याला बहीण होती हे त्याला लोकांकडून कळलं होतं. आईच्या तोंडून तो ते पहिल्यांदाच ऐकत होता.

फोनमध्ये मागं बाळ कुरकुरत होतं.

"कानात नक्की काय म्हणायचं असतं?" तमन्नानं हळूच विचारलं. "मला माहीत नाही. आमच्यात बाळाच्या कानात अजान देतात."

"व्हय?" छबूबाईचे डोळे अजून ओले होते, तरी ती सावरून बसली. "कोन देतं? कवा?"

"जन्मल्याबरोबर. माझ्या कानात अब्बांनी दिली होती."

"आमच्यात आधी कुर्र करायचं, मंग नाव. पाठीत बुक्क्या बी बसत्यात आत्याच्या. मी आल्यावर शिकविते सगळं. तवर थांबा."

"थांबते," तमन्ना म्हणाली.

छबूबाई फोन कानाला तसाच धरून बसली. तिला पुढं काय विचारावं हेच सुचेना. मग तिनं फोन कानिफच्या हातात दिला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि राहिलेला ऊस तोडायला लागली.